पाव कुठून आला ते बघत वाचा: 'हंगर गेम्स'वर वाचकांचे प्रश्न

सुट्टीत कुठली मालिका वाचायला घेतलीत असं मागच्या वेळी विचारलं होतं, तर बरीचशी पत्रं सुझान कॉलिन्सच्या 'हंगर गेम्स'वरच आली, म्हणून यावेळी सगळी उत्तरं त्यावरच देतेय. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुढे कधीतरी, आजच्या उत्तर अमेरिकेच्या जागी पॅनेम नावाचा देश आहे, मधे श्रीमंत कॅपिटॉल आणि भोवती राबणारे 12 डिस्ट्रिक्ट. पूर्वी केलेल्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून 12 ते 18 वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून नेतात, त्या 24 जणांना रिंगणात सोडतात, एकच जिवंत उरेपर्यंत, आणि हे सगळ्या देशाने टीव्हीवर बघायचं. 16 वर्षांच्या कॅटनिसच्या धाकट्या बहिणीची चिठ्ठी निघते आणि ती म्हणते मी जाते तिच्या जागी. इथून गोष्ट सुरू होते.

ताई, माझी मुलगी 13 वर्षांची आहे, वर्गातल्या सगळ्या मैत्रिणी वाचतायत म्हणून तिलाही हवंय. मी मागचं कव्हर वाचलं आणि घाबरलेच, मुलं मुलांना मारतात म्हणे. देऊ का वाचायला? (एक आई, चिंचवड)

द्या, पण एक करा, तुम्हीही वाचा. तुमची भीती खोटी नाहीये, अमेरिकेत सुद्धा 2010 आणि 2011 मध्ये लायब्ररीतून काढून टाका अशा तक्रारी सगळ्यात जास्त आल्या त्या पुस्तकांच्या यादीत ही मालिका होती. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी लांडग्यांसारख्या प्राण्यांचा एक रात्रभर चालणारा प्रसंग आहे, तो मला मोठ्या वयात वाचतानाही जड गेला, आणि तिसरं पुस्तक तर सरळ युद्धाचं आहे, त्यात लहान मुलंही सुटत नाहीत. त्यामुळे दुसरं संपलं की तिसरं लगेच हातात द्यायची घाई करू नका.

पण मारामारी हा यातला मुख्य भाग नाहीच हो. पहिल्याच चॅप्टरमध्ये टेसेराचा, म्हणजे धान्याच्या बदल्यात टाकायच्या जादा चिठ्ठ्यांचा, हिशोब येतो, तो मुलीला कागदावर मांडायला सांगा. 12 व्या वर्षी प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी, 13 व्या वर्षी दोन, असं करत 18 व्या वर्षी सात. इथपर्यंत गरीब श्रीमंत सारखेच. पण घरात खायला नसेल तर नावाची एक चिठ्ठी जास्त टाकायची आणि त्याबदल्यात एका माणसाचं वर्षभराचं धान्य आणि तेल घ्यायचं, तेही जेमतेम पुरेल असं. कॅटनिसच्या घरात तीन माणसं, म्हणजे दरवर्षी तीन चिठ्ठ्या जास्त, आणि त्या दरवर्षी साठत जातात, म्हणून 16 व्या वर्षी तिच्या 5 अधिक 15 अशा 20 चिठ्ठ्या. तिचा मित्र गेल 18 चा, घरात पाच तोंडं, त्याच्या 7 अधिक 35 म्हणजे 42. आणि मेयरच्या मुलीच्या फक्त पाच. बघा, म्हणायला चिठ्ठी सगळ्यांची, पण निघायची कोणाची हे ज्याच्या घरात डबा रिकामा आहे त्याच्यावर ठरतं. माझ्या भाचीने हा हिशोब केला तेव्हा ती पेन खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे रेशनसाठी जीव गहाण ठेवायचा?" 13 वर्षांच्या मुलीला हे कळतं, आणि कळलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

नुसत्या मारामारीचं पुस्तक असतं तर 2014 मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर लोकांनी रस्त्यात उभं राहून यातलीच तीन बोटांची खूण वर केली नसती, आणि 2021 मध्ये म्यानमारमध्येही नाही. पुस्तकात ती खूण आभार मानायची, आदर दाखवायची आणि आपल्या माणसाला निरोप द्यायची आहे, बास.

आता पाच पुस्तकं झालीत. गोष्टीच्या काळाप्रमाणे वाचू की छापली त्या क्रमाने? (कॉलेजमधला वाचक, सांगली)

छापली त्या क्रमाने, दुसरा विचार करू नकोस. 2008, 2009, 2010 ची तीन, मग 2020 चं, मग 2025 चं. काळ लावायला गेलास तर 2020 चं पुस्तक आधी येतं, ते 10 व्या गेम्सचं आहे, मग 2025 चं 50 व्या गेम्सचं आणि मग मूळ तीन, जी 74 व्या गेम्सपासून सुरू होतात. दिसायला सरळ वाटतं पण वाचताना घोटाळा होतो.

एकच उदाहरण देते. दुसऱ्या पुस्तकात कॅटनिस आणि तिच्याच डिस्ट्रिक्टमधून तिच्याबरोबर नेलेला मुलगा पीटा 50 व्या गेम्सची जुनी टेप बघतात, त्यांचा मेंटर हेमिच कसा जिंकला ते, आणि आपणही त्यांच्याबरोबर बघतो, आपल्यालाही वाटतं की हां, असं झालं होतं तर. मग 2025 चं पुस्तक येतं ते हेमिचच्या स्वतःच्या तोंडून, आणि तेव्हा कळतं त्या टेपमधून काय काय कापलं होतं. सोळा वर्षं आपणही ती कापलेली टेप खरी धरून बसलो होतो! हा धक्का बसायचा तर आधी टेपवर विश्वास बसलेला पाहिजे. आणि पहिल्या पुस्तकातला तो सतत दारू पिणारा, स्टेजवरून पडणारा हेमिच, त्याचा आधी राग यायला हवा, कॅटनिसला येतो तसाच. त्याच्यावर काय गुजरलंय हे आधीच माहीत असेल तर राग येणारच नाही.

2020 चं मात्र सुरुवातीला हळू वाटेल, कारण त्यात कॅटनिसचा मी-मी सांगणारा आवाज नाही, बाहेरून सांगितलेलं आहे आणि मधे बसलाय 18 वर्षांचा स्नो, जो पुढे प्रेसिडेंट होतो. शंभर पानं दम धर.

पिक्चर सगळे बघून झालेत, दोन दोनदा. आता पुस्तकं वाचण्यात काय राहिलंय? (एक वाचक, ठाणे)

पाव राहिलाय.

खरंच सांगते, मला कोणी एकाच ओळीत विचारलं ही मालिका कशी वाचू तर मी म्हणेन कॅटनिसच्या धनुष्यबाणाकडे बघू नका, पावाकडे बघा. पॅनेम हे नावच लॅटिनमधून आलंय, पानेम एत सिर्केन्सेस, म्हणजे पाव आणि सर्कस, रोमन कवी जुवेनालचे शब्द, लोकांना पोटाला आणि डोळ्यांना काहीतरी द्या की ते बाकीचं विचारत नाहीत. हे पुस्तकातच येतं पण थेट तिसऱ्या भागात. आणि गंमत म्हणजे आपण वड्याबरोबर खातो तो पाव हा शब्द पोर्तुगीज पांववरून आला, आणि तो पोर्तुगीज शब्द ह्याच लॅटिन पानेमवरून. म्हणजे त्या देशाचं नाव आपण रोज बेकरीत घेतो. मला हे कळलं त्या दिवसापासून लादी पाव घेताना कॅटनिस आठवतेच.

आता तो प्रसंग बघा. कॅटनिस 11 वर्षांची, वडील खाणीतल्या स्फोटात गेलेले, आई खाटेवरून उठत नाही, पाऊस पडतोय, ही बेकरीच्या मागच्या कचऱ्याच्या डब्यात काही मिळतंय का बघते आणि बेकरवाली अंगावर ओरडते. मग आतून काहीतरी आपटल्याचा आवाज, आणि एक मुलगा बाहेर येतो, हाच तो पीटा, गालावर मारल्याचा वळ, हातात दोन जळलेले पाव. आई ओरडतेय डुकराला घाल ते. तो करपलेले तुकडे डुकराला टाकतो, मागे बघतो आई गेलीये का, आणि हिच्याकडे न बघताच एक पाव फेकतो, मग दुसरा. ती ते शर्टाच्या आत धरून पळते, गरम गरम, कातडी भाजतेय तरी आणखी घट्ट धरते. पिक्चरमध्ये हे काही सेकंदात दिसतं आणि जातं, पण पुस्तकात ती त्या भाजण्यासकट सांगते, आणि त्या मुलाचे आभार न मानल्याचं ओझं पाच वर्षं वागवते.

दुसरं, रूच्या मरणाचा प्रसंग, रू म्हणजे 11 व्या डिस्ट्रिक्टची छोटी मुलगी, रिंगणात कॅटनिसची जोडीदार झालेली. पिक्चरमध्ये त्यानंतर 11 व्या डिस्ट्रिक्टमध्ये दंगल दाखवलीये. पुस्तकात त्या ठिकाणी दंगल नाही, एक छोटा पॅराशूट खाली येतो आणि त्यात पाव असतो. चंद्रकोरीसारखा, काळपट धान्याचा, वरून बिया लावलेला, आणि कॅटनिस ओळखते हा 11 चा पाव आहे, कारण कुठल्या डिस्ट्रिक्टचा पाव कसा असतो हे पीटाने तिला सांगितलंय, 4 नंबरच्या लोकांचा तर माशाच्या आकाराचा आणि समुद्री शेवाळाने हिरवट. ज्यांना स्वतःला पोटभर मिळत नाही अशा लोकांनी पैसे जमवून दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या मुलीला, जी त्यांची शत्रू समजायची, तिला पाव पाठवला. माझ्या मते संपूर्ण मालिकेतलं खरं बंड इथे सुरू होतं आणि पिक्चरमध्ये ते नाहीये. फक्त एवढ्यासाठी पुस्तक वाचा.

मी मराठी मीडियमची, आत्ता एफ.वाय.ला आहे. इंग्लिश कादंबरी आजवर एकही पूर्ण केली नाहीये. ही जमेल का? (वाचक, परभणी)

जमेल, आणि पहिली म्हणून ही चांगलीच आहे. कॅटनिस सगळं वर्तमानकाळात सांगते, मी उठते, मी बघते, मी पळते, वाक्यं लहान. अडणारे शब्द बरेचसे लेखिकेने बनवलेलेच आहेत, ते डिक्शनरीत मिळणारच नाहीत, त्यामुळे तुला जे अडेल ते इंग्लिश मीडियमवाल्यालाही अडेल, दोन पानं पुढे गेलीस की आपोआप कळतं. दर शब्दाला थांबू नकोस, पानात तीन-चार शब्द सुटले तरी चालतात.

आणि एक टीप, कॉलिन्स आधी मुलांच्या टीव्ही मालिका लिहायची, त्यामुळे चॅप्टर संपतो तिथे हमखास काहीतरी अडकवून ठेवलेलं असतं. चॅप्टर संपल्यावर झोपते म्हणालीस तर झोप नाही. चॅप्टरच्या मधे, एखादं साधं जेवणाचं किंवा चालण्याचं वर्णन असेल तिथे पुस्तक मिट. पहिली तिन्ही पुस्तकं 27 चॅप्टरची आहेत, तीन भाग आणि प्रत्येकात नऊ, त्यामुळे रोज एक धरलास तर महिन्याच्या आत एक पुस्तक.

ताई मी नववीत आहे. पहिली दोन पुस्तकं चार दिवसात संपवली पण तिसरं नाहीच जात पुढे. कॅटनिस काहीच करत नाही, नुसती कुठेतरी कोपऱ्यात लपून बसते, झोपते, रडते. गेम्स पण नाहीयेत. सोडून देऊ का? (वाचक, रत्नागिरी)

नको ना सोडूस. तुझं म्हणणं पटतंय मला, मीही पहिल्यांदा वाचताना पानं उलटत होते की आता ती धनुष्य उचलेल, मग उचलेल. पण मग लेखिकेबद्दल वाचलं आणि पुस्तक पुन्हा हातात घेतलं. कॉलिन्सचे वडील अमेरिकन हवाई दलात होते, ती पहिलीत असताना ते व्हिएतनामच्या युद्धावर गेले. परत आल्यावर त्यांनी मुलांना युद्ध म्हणजे काय ते लपवलं नाही, शिकवलं. आणि ह्या मालिकेची कल्पना तिला एका रात्री चॅनल बदलताना सुचली, एका चॅनलवर रिॲलिटी शोमधली तरुण मुलं स्पर्धा करतायत आणि दुसऱ्यावर इराक युद्धाची दृश्यं, आणि थकलेल्या डोळ्यांना दोन्ही एकमेकांत मिसळायला लागलं. म्हणजे पहिल्या दोन पुस्तकात आपण जे भराभर वाचलं, कोण जिंकणार कोण मरणार, ते आपण कॅपिटॉलच्या लोकांसारखंच बघत होतो गं. तिसऱ्यात लेखिका टीव्ही बंद करते आणि दाखवते की ज्या मुलीने हे सगळं भोगलंय तिचं नंतर काय होतं. तिला स्वप्नं पडतात, आवाज सहन होत नाही, ती लपते. लपणारच. ती 17 वर्षांची आहे, तुझ्यापेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठी.

सुरुवातीलाच एक जागा आहे, डोकं गोंधळलं की काय करायचं ते डॉक्टरने तिला सांगितलेलं असतं. सगळ्यात साध्या, नक्की माहीत असलेल्या गोष्टीपासून सुरू करायचं. माझं नाव अमुक, माझं वय इतकं, माझं घर इथे. मग हळूहळू अवघड गोष्टींकडे जायचं. माझी भाची बारावीच्या परीक्षेआधी हेच करायची, वहीच्या कोपऱ्यात नाव, वय, गाव लिहायची आणि मग पेपर उघडायची. ज्या पुस्तकात काहीच घडत नाही असं ती म्हणत होती त्यातूनच तिने हे उचललं.

तर असं कर. एकटी वाचू नकोस, एखाद्या मैत्रिणीला बरोबर घे, रोज दोन चॅप्टर, चौदा दिवस, आणि दुपारी वाचा, झोपताना नको. मधे एक खेळ येतो, खरं की खोटं असं विचारायचा, तो कोण कोणाला विचारतं ते मी सांगणार नाही पण तो सुरू झाला की तुझा वेग आपोआप वाढेल. आणि अगदी शेवटी शेवटी ते लोक एक वही तयार करायला घेतात, गेलेल्या माणसांची, प्रत्येकाचं एक पान, विसरलं तर गुन्हा वाटेल अशा बारीक बारीक गोष्टी लिहून. तिथे पोचलीस की पुस्तक बाजूला ठेव आणि तू कोणाचं पान आधी लिहिलं असतंस ते मला कळव. माझं रूचं होतं.