दिव्यांग मुलीच्या वैद्यकीय आहाराचा खर्च शासनाकडे मागता येतो का?

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला फेनिलकीटोन्यूरिया (पीकेयू) हा जन्मजात विकार आहे, म्हणजे प्रथिनांतील एक घटक तिच्या शरीराला पचवता येत नाही. निदान उशिरा झाल्याने तिला बौद्धिक दिव्यांगता आली असून, ६० टक्के दिव्यांगतेच्या प्रमाणपत्रावर दरमहा ६०० रुपये साहाय्य मिळते. डाळ, दूध, पनीर पूर्ण वर्ज्य आहे, भातसुद्धा काट्यावर तोलून द्यावा लागतो. तिचे पोषण मुख्यतः परदेशातून येणाऱ्या विशेष फॉर्म्युल्यावर (या विकारासाठी बनविलेल्या वैद्यकीय आहारावर) चालते. त्याच्या खर्चासाठी केलेला अर्ज ‘हे अन्न आहे, औषध नाही’ असे तोंडी सांगून परत करण्यात आला. आम्ही काय करावे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्याला दिलेले कारण कायद्यापुढे टिकणारे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उणीव कायद्यातही आहे, हे मान्य केले पाहिजे. दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये दिव्यांग पेन्शन, उपकरणे, औषधे, निदान, इतकेच नव्हे तर सांभाळ करणाऱ्यासाठीचा भत्ताही नमूद आहे. आहार मात्र नाही. परंतु केंद्र शासनाच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात पीकेयूचा समावेश विशेष आहाराने आटोक्यात ठेवता येणाऱ्या आजारांत केलेला आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून या धोरणातील आजारांसाठी वैयक्तिक वापराकरिता आयात केलेली औषधे व विशेष वैद्यकीय आहार या दोहोंना मूळ सीमाशुल्कातून एकाच सवलतीने वगळण्यात आले आहे. जो आहार सीमाशुल्क आकारताना शासन औषधाच्या पंक्तीला बसवते, तोच साहाय्य देण्याच्या वेळी घरखर्च कसा ठरतो, हा प्रश्न आपण लेखी स्वरूपात विचारावा.

ही सूट आपण अद्याप घेतली नसल्यास सिव्हिल सर्जन किंवा जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून विहित प्रमाणपत्र घ्यावे. तेवढ्याने खर्चाचा एक भाग लगेच कमी होईल. त्याचबरोबर मुलीची नोंदणी धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रात, म्हणजे दुर्मिळ आजारांच्या उपचारासाठी नेमलेल्या रुग्णालयात, करावी. मुंबईचे केईएम रुग्णालय हे असे एक केंद्र आहे. २०२२ मधील सुधारणेनंतर धोरणातील आजारांच्या सर्व गटांतील रुग्णांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. ती रक्कम कुटुंबाच्या हाती न येता या उत्कृष्टता केंद्रामार्फत उपचारावर खर्च होते, म्हणून तेथील डॉक्टरांच्या चिठ्ठीत फॉर्म्युल्याचे नाव, दररोजचे प्रमाण आणि ‘याविना मेंदूची हानी वाढेल’ असा स्पष्ट अभिप्राय असणे अत्यावश्यक आहे. ‘पथ्य पाळावे’ एवढ्याच शब्दांवर कोणताही दावा उभा राहत नाही.

आता स्थानिक नकाराविषयी. तोंडी नकाराला आव्हान देणे कठीण असते, म्हणून तोच अर्ज पुन्हा देऊन त्याची पोच घ्यावी आणि माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली निर्णयाची कारणे मागावीत. बाधित व्यक्तीला ती कळविणे कलम ४(१)(घ) नुसार बंधनकारक आहे. मंगळवारच्या जनसुनवाईत निवेदन जरूर द्यावे, पण केवळ त्यावर विसंबू नये. त्यानंतर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे दिव्यांगजन अधिकार अधिनियमाच्या कलम ८० खाली तक्रार करावी. त्यांच्या शिफारशीवर केलेली कार्यवाही संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कळवावी लागते.

या तक्रारीत आणखी एक मुद्दा घ्यावा, आणि माझ्या दृष्टीने तो मोठा आहे. दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या समान योजनेपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे, असे कलम २४ सांगते. शेजारच्या आजींना वृद्धापकाळ पेन्शनही ६०० रुपयेच मिळते, असे आपण पत्रात लिहिले आहे. दोन्ही योजना ‘समान’ आहेत काय, यावर शासन वाद घालील. तरीही हा मुद्दा सोडू नये. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात दिव्यांग साहाय्याव्यतिरिक्त विशेष आहारासाठी माणशी दरमहा २५० डॉलरपर्यंत स्वतंत्र भत्ता आहे आणि तो वैद्यकीय तज्ज्ञाने भरलेल्या अर्जावर ठरतो. असाच भत्ता कलम २४ खालील योजनेत राज्याने आणावा, ही मागणी निवेदनात वेगळी मांडावी, कारण तिचा लाभ आपल्यासारख्या अनेक घरांना होईल.

एवढे करूनही दाद न मिळाल्यास संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात रिट याचिका करता येते. २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने गोशे या दुर्मिळ आजाराच्या एका मुलाला मोफत उपचार देण्याचा आदेश दिला होता. तो इंदुरात बंधनकारक नसला, तरी आधारास घेता येतो. याचिकेचा खर्च झेपत नसेल, तर मुलीच्या नावे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्ती आणि बालक या दोन्ही नात्यांनी ती मोफत वकिलास पात्र आहे.