मिरचीपण बाहेरचीच, मग जलपर्णीच का वाईट?

प्रश्न: ताई, मी पैठण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवतो. तळ्यात बाहेरून येऊन पसरणाऱ्या जलपर्णीसारख्या वनस्पती अन माशांबद्दल सांगत होतो तर एक पोरगी म्हणाली, सर मिरचीपण बाहेरूनच आली ना, मग जलपर्णीच का वाईट? शिवाय वर्गात बरीच पोरं मासे धरणाऱ्या भोयांच्या घरातली, घर चिलापी (तिलापिया) माशावर चालतं. कसं शिकवू?

उत्तर: सर, पोरगी हुशार आहे, तिचाच प्रश्न फळ्यावर लिहा अन तिथूनच धडा सुरू करा. मिरची अमेरिकेतली, जलपर्णीपण तिकडचीच, पण मिरची आपण लावली तर येते, जलपर्णीला कुणी लावावं लागत नाही, ऊन अन घाण पाणी मिळालं की एक-दोन आठवड्यांत दुप्पट. नुसतं बाहेरचं असणं हा गुन्हा नाही, दुसऱ्याची जागा गिळणं हा आहे.

एक-दोन रोपं बादलीत आणा (पोरांना पाण्यात उतरवू नका, तुम्हीच काढा). फुगलेला देठ आडवा कापला की आत स्पंजासारख्या पोकळ्या दिसतात, पाण्याखाली दाबला की बुडबुडे येतात, म्हणून ती तरंगते. आईरोपाला दोरीसारख्या फांदीनं जोडलेली पिल्लं पोरांनाच शोधू द्या, मग पसरते कशी ते वेगळं सांगावं लागत नाही. वर जाड थर झाला की खाली उजेड जात नाही, त्यात कुजणारा पाला पाण्यातला ऑक्सिजन खातो अन मासे गुदमरतात. काम झालं की रोपं उन्हात पार वाळवा, ओढ्यात फेकू नका, तुकडापण पुन्हा फुटतो.

चिलापीचं मात्र भोयांच्या पोरांनाच बोलू द्या, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. मादी अंडी तोंडात सांभाळते, जाळ्यात आली की कधी कधी तोंडातून अंडी सांडतात हे त्यांनी बघितलेलं असेल. असं जपल्यावर पिल्लं जगणारच, मग तळं बारक्या चिलापीनं भरतं अन बाकीच्यांच्या खाण्यात वाटेकरी वाढतात. हा मासा 1952 साली देशात मुद्दाम आणला, लोकांना खायला मिळावं म्हणून, त्यामुळे उगं त्याला राक्षस करू नका, पकडून खाल्ला तर चांगलंच की! आजोबांच्या वेळी जाळ्यात काय काय यायचं ते मात्र घरी विचारून यायला सांगा.

अन ज्यांच्या घरी काचेच्या टाकीत सकर मासा (काचेला चिकटणारा, तोपण बाहेरचाच) आहे त्यांना बजावा, मोठा झाला म्हणून विहिरीत नाहीतर तळ्यात सोडायचा नाही, दुकानदाराला परत घेतो का विचारायचं.