रंकाळा विद्यापीठाच्या दारात? तुमचा नकाशा बरोबर आहे, समास बघा

तुमची पोस्ट वाचली आणि चार वर्षांपूर्वीचा मीच आठवलो. कोल्हापूरचं १९०५ च्या आधीचं टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना सरकारी नकाशा) गूगल अर्थवर बसवलंत, कोपऱ्यांवरचे अक्षांश-रेखांश तंतोतंत टाकलेत, आणि रंकाळा राजारामपुरी ओलांडून विद्यापीठाच्या बाजूला जाऊन पडला. नकाशा चुकीचा आहे का, हा तुमचा प्रश्न. नाही. नकाशा ठीक आहे.

जुन्या शीटांवरचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या तेव्हाच्या मापावरून धरलेले असत. ते माप २ मिनिटं २७ सेकंदांनी जास्त होतं, हे नंतर ठरलं. आपल्या अक्षांशावर त्याचे ४.३ किलोमीटरच्या वर होतात. म्हणून सगळं पूर्वेला सरकलेलं दिसतं. कोपऱ्यांच्या रेखांशातून २ मिनिटं २७ सेकंद वजा करा, रंकाळा घरी येईल. एव्हरेस्ट (जुन्या शीटांची) आणि डब्ल्यूजीएस ८४ (आजच्या जीपीएसची) या मापनपद्धतींतला शे-दीडशे मीटरचा फरक तरीही राहील, तो पुढं बघू. क्यूजीआयएसमध्ये (नकाशे जुळवायचं सॉफ्टवेअर) शीट कसं उघडायचं वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतंय असं दिसतं.

ही दुरुस्ती बऱ्याच शीटांच्या खालच्या समासात, म्हणजे चौकटीबाहेरच्या कडेला, बारीक अक्षरात छापलेली असते. मग मला ती का दिसली नाही? मी एका कार्यालयातून स्कॅन आणला होता. कुठलं ते विचारू नका, अजून तिथं कामं पडतात. चार खेटे, दोन अर्ज, 'साहेब रजेवर आहेत', सगळं झालं. शेवटी शीट हातात आलं ते लॅमिनेट केलेलं, आणि चौकटीच्या बाहेरचा कागद चारी बाजूंनी कापलेला. आकड्यांची पट्टी तेवढी शिल्लक. टीप, सर्व्हेचं साल, खुणांचा तक्ता, सगळं गेलं. मी विचारलं तर तिथले गृहस्थ म्हणाले, "कपाटात बसत नव्हतं हो. आणि कडेला पांढरंच तर होतं." त्या माणसाचा राग नाही आला तेव्हा. आता येतो.

खरी चूक मात्र माझीच, आणि ती तुम्ही करू नये म्हणून एवढं लिहितोय. सगळं चार किलोमीटर सरकलेलं बघून मी कारण शोधलं नाही. स्कॅनच वाकडा आला असेल म्हणून नकाशा हातानं ओढला आणि चाळीसभर बिंदू ठोकले, म्हणजे जुन्या नकाशावरची जागा आजच्या नकाशावर कुठं येते त्या खुणा. पंचगंगेची वळणं, रंकाळ्याचा काठ, दिसेल ते. वर थिन प्लेट स्प्लाइन लावलं. ही पद्धत नकाशा रबरासारखा ताणून प्रत्येक बिंदूवर बसवते, त्यामुळं 'किती चुकलं' हे दाखवणाऱ्या रकान्यात सगळीकडं शून्य येतं. मला वाटलं, जिंकलो! आणि मंगळवार पेठेच्या बाजूला, आजच्या कुठल्याच नकाशात नसलेलं एक तळं सापडलं.

आठवडाभर झोप नाही. रविवारी सकाळी पंधराएक जणांना घेऊन तिथं गेलो, टॅब्लेटवर नकाशा दाखवला, 'हरवलेलं तळं' म्हणून दहा मिनिटं बोललो. शेजारच्या चहाच्या गाड्यावर एक म्हातारे बशीत चहा ओतून पीत होते. त्यांनी टॅब्लेट मागून घेतला, डोळ्यापासून लांब धरला आणि म्हणाले, "पावणं, ह्ये वरुणतीर्थ हाय. गांधी मैदान. तुमचं पान सरकलंय." वरुणतीर्थ तळ्याचंच आता गांधी मैदान झालंय, ही शिवाजी पेठेतल्या शाळकरी पोराला ठाऊक असलेली गोष्ट मी तीनशे-चारशे मीटर हलवून नव्यानं शोधली होती. पावसाळ्यात मैदानात गुडघाभर पाणी साचलेलं मी स्वतः बघितलंय, तरी!

तर माझं मत, पटलं तर घ्या (मी सर्व्हेअर नाही, हौशी आहे): बिंदू सहा-आठच घ्या, पण न हललेले. जुना शिवाजी पूल, टेंबलाईची टेकडी, शीटवर असेल तर जोतिबा. नदीचा काठ आणि रंकाळ्याची कड अजिबात नको, पाणी कधी कुठवर होतं कोण सांगणार. पद्धत साधी, पॉलिनॉमियल १; ती रबरासारखं ताणत नाही, सगळा नकाशा एकसारखाच हलवते. मग प्रत्येक बिंदूपुढं थोडी चूक दिसेल. ती दिसू दे. एखादाच बिंदू फार बाहेर गेला तर तो बिंदू तपासा, नकाशा ताणू नका. मघाचा शे-दीडशे मीटरचा फरकही यातच निघून जातो.

सर्व्हेचं साल आणि छपाईचं साल वेगळं असतं, हेही समासातच कळतं. समास नसेल तर रूळ बघा. कोल्हापूरला रेल्वे १८९१ ला आली. रूळ नाहीत म्हणजे सर्व्हे त्याआधीचा, छपाई कधीचीही असो.

आणखी एक. शीटांच्या नंतरच्या क्रमांकांप्रमाणं आपलं गाव दोन शीटांत फाटलेलं आहे. ७४ अंश १५ मिनिटांची रेघ गावाच्या पूर्वेकडच्या भागातून जाते. पेठा, रंकाळा, स्टेशन ४७ एल/२ मध्ये, विद्यापीठ आणि टेंबलाई ४७ एल/६ मध्ये. एकच मागवाल तर अर्धं गाव हातात येईल. मला कुणी सांगितलं नव्हतं.

आजोबांच्या घरामागचं कुंड शोधायचंय असंही तुम्ही लिहिलंय. त्यासाठी टोपोशीटच्या नादी लागू नका. एका इंचाला एक मैल म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर कागदावर दीड मिलिमीटर. वरुणतीर्थ दिसलं कारण ते मोठं होतं. वाड्यामागच्या कुंडाला सिटी सर्व्हेचा नकाशाच हवा. टोपोशीट नाले, बांध, जुन्या वाटा यांसाठी. जयंती नाल्याची वळणं त्यावर बोटानं गिरवा आणि २०१९ च्या पुरात पाणी कुठं कुठं शिरलं ते आठवा, तुम्हीच बोलाल मग.

तुमच्या स्कॅनला खालची पट्टी आहे का? असेल तर तेवढाच फोटो इथं टाका. कापलेली असेल, तर जिथून आणलंत तिथं परत जाऊ नका, दुसरी प्रत शोधा.