प्रोसिडिंगमधल्या रिकाम्या ओळी

प्रश्न : भाऊसाहेब, आमच्या गावात ४८० मतदार. १५ ऑगस्टला झेंडावंदन उरकलं की शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरते आणि पाऊण तासात आरडाओरड होऊन मोडते. आम्ही बायका रजिस्टरवर सह्या करून घरी येतो. महिन्याने कळतं, कधी न ऐकलेला ठराव 'सर्वानुमते मंजूर' झालाय. काय करायचं? — एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : ताई, तुमची ती सही नुसती हजेरीची. ठराव लिहिला जातो प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, तेव्हा नजर तिथे ठेवा.

मी ३१ वर्षं ग्रामसेवक होतो, म्हणून कबुलीही देतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सरपंचांच्या सांगण्यावरून दोन ठरावांमध्ये चार ओळी मोकळ्या सोडल्या होत्या आणि त्या मागाहून भरल्या. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचताना अंगणवाडीच्या मदतनीस बाई उभ्या राहिल्या : "भाऊसाहेब, इथं शाई वेगळी दिसतीय." कान लाल झाले माझे. तेव्हापासून शेवटच्या ओळीखाली तिथल्या तिथे लाल रेघ मारून अध्यक्षांची सही घ्यायचो. तुम्हीही हाच आग्रह धरा. प्रत्येक ठरावाचे सूचक-अनुमोदक, म्हणजे तो मांडणारे आणि त्याला पाठिंबा देणारे, कोण, तेही उठण्याआधी मोठ्याने वाचायला लावा. मग सहीशिक्क्याची नक्कल मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

गणपूर्ती म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी : १५ टक्के मतदार किंवा १००, यांतला कमी आकडा. तुमच्याकडे ७२ डोकी. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ही पळवाट सगळ्या गावांना पाठ असते. पण त्या सभेत नवा विषय घेता येत नाही, हे मात्र सोयीने विसरलं जातं!

सभेची नोटीस सात दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला हवी. मोबाईलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा. तुमचा विषय त्याआधीच लेखी द्या, पोच घ्या. नाहीतर तो शेवटच्या 'आयत्या वेळच्या विषयां'त जातो, आणि ते येईपर्यंत निम्मी माणसं चहाला गेलेली असतात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते; ती तुमच्याकडे कागदावरच होत असेल, तर सुरुवात तिथून करा.

गोंधळाचं म्हणाल, तर माईक सरपंचांच्या हातात नको, टेबलावर ठेवायला सांगा. बोलणाऱ्याने उठून तिथवर यायचं. चालत येईपर्यंत निम्मा राग उतरतो.