एकच हीट पंप बाहेरून घेतलेली ताजी हवा हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड कशी काय करतो?

सगळी करामत फोर-वे व्हॉल्व्हची आहे, तो फिरला की पंपात फिरणाऱ्या, उष्णता वाहून नेणाऱ्या गॅसची दिशा उलटते. हिवाळ्यात आत येणाऱ्या हवेतली कॉइल (गॅसच्या नळ्यांचं वेटोळं) कंडेन्सर बनून उष्णता सोडते, उन्हाळ्यात तीच इव्हॅपोरेटर होऊन उष्णता खेचते आणि हवेतलं पाणीपण काढते, म्हणून खाली ड्रेन लागतोच. दुसरी कॉइल बाहेर टाकायच्या हवेत ठेवतात आणि मला हेच सगळ्यात भारी वाटतं, कारण ती हवा खोलीच्या तापमानाची असते, मग फुकट जाणारी उष्णता परत मिळते आणि 1 युनिट विजेत साधारण 3-4 युनिट उष्णता मिळू शकते. फक्त कडाक्याच्या थंडीत त्या कॉइलवर बर्फ जमतो, तेव्हा डीफ्रॉस्टसाठी, म्हणजे तो बर्फ वितळवायला, सायकल थोडा वेळ उलटी चालवावी लागते.