हार्ट अटॅकमधून वाचलो. उरलेलं आयुष्य ख्रिस्ताच्या सेवेत घालवायला नोकरी सोडू का?

तुम्ही लिहिलंय की वय ४३, पुण्यात आयटीत नोकरी, दोन स्टेंट पडले, आणि आयसीयूत पडल्या पडल्या ठरवलं की उरलेले दिवस प्रभूच्या सेवेत. आता राजीनामा देऊन सेमिनरीला, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाला, जाऊ का, असं विचारताय. सेमिनरी बिबवेवाडीला आहे, तुमच्या दाराशीच. फी आणि प्रवेशाचं तिथेच विचारा. मला दुसरंच बोलायचंय. 'उरलेले दिवस सेवेत' या वाक्यावरून आमच्या घरात इतकी भांडणं झालीत की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. चर्चच्या मंडळीत कुणी गेलं की शवपेटीचा निरोप दादांकडे. लाकडाचे पैसे ज्याला जमतील त्याने द्यावेत, मजुरी कुणाकडूनच घेतली नाही. उन्हाळ्यात मयत ठेवता येत नाही, म्हणून रात्रभर काम चालायचं. आंब्याच्या नाहीतर देवदाराच्या फळ्या, खांद्याशी रुंद, पायाशी निमुळती पेटी, वरून काळं कापड टेकसांनी ठोकलेलं. बत्तीला पंप मारायचं काम माझं. पहाटे पेटी गेली की दादा अंघोळ करून शाळेत.

थोरला भाऊ बँकेतली नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत गेला. त्यालाही आजारपणानंतरच पाचारण झालं होतं, तुमच्यासारखंच. एकदा जेवता जेवता म्हणाला, "दादा, वेळ थोडा आहे. मेलेल्यांना मेलेले पुरू देत, आपण आत्मे वाचवायचे." दादा भाकरी मोडत म्हणाले, "मेलेल्यांना रंधा धरता येत नाही रे." आई हसली. भाऊ हसला नाही, आणि मीही ते अजून विसरलेलो नाही.

निवृत्त झाल्यावर १९९१ साली दादांनी स्वतःची पेटी केली. एका जुन्या बंगल्याच्या सागवानी चौकटी साठवून ठेवल्या होत्या, त्यातून. माळ्यावर ठेवली. लोक घाबरायचे, आईने मात्र त्यात गोधड्या भरल्या. दोन वर्षांनी पोळ्याच्या आसपास जालन्याकडची एक बाई बाळंतपणात गेली, कामासाठी आलेलं कुटुंब, गावात ओळखीचं कुणी नाही. दादांनी माळ्यावरची पेटी काढली. बाई लहानखुरी, पेटी दादांच्या मापाची. मग मोकळ्या जागेत आईच्याच दोन गोधड्या घातल्या. दादांनी परत फळ्या जमवल्या, दुसरी पेटी केली. ती मंडळीतल्या एका पंचाला गेली, ज्याने दादांशी बारा वर्षं अबोला धरला होता. तिसरी काही झाली नाही. गुडघे गेले होते, हात थरथरायचा.

२००६ च्या मे महिन्यात दादा गेले तेव्हा घरात पेटी नव्हती. मी केली. रडत माप घेतलं आणि फळी दोन इंच आखूड कापली. पायाशी तुकडा जोडावा लागला, ती सांध अजून डोळ्यापुढे येते. दफनविधीला भाऊ चाळीस मिनिटं बोलला: कापणी, कामकरी, थोडे दिवस. पेट्यांचा शब्द नाही. कबरस्थानात निम्मी माणसं अशी होती की ज्यांच्या घरचं कुणी ना कुणी दादांच्या हातच्या पेटीतून गेलं होतं.

भाऊ प्रत्येक साक्षीत टिळकांचा दाखला देतो, रेव्हरंड ना. वा. टिळकांचा. सगळं सोडून संन्यास घेतला म्हणून. घेतला, १९१७ साली. पण १८९५ ला बाप्तिस्मा झाल्यापासून तोवर वीसेक वर्षं मिशनमध्ये पगारावरच काम करत होते ना? आणि संन्यासानंतर पुरी दोन वर्षंही मिळाली नाहीत, १९१९ च्या मे महिन्यात गेले. ख्रिस्ताच्या जीवनावरचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' अर्धवटच राहिलं, पुरं केलं पत्नी लक्ष्मीबाईंनी. पंडिता रमाबाईंचंही तसंच. केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनचा कारभार जिच्या हाती द्यायचा ती लेक मनोरमाच १९२१ मध्ये गेली, रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये. बायबल छापून आलं १९२४ ला. दिवस मोजून काम बेतलं असतं तर ते दोघांनी हातातच घेतलं नसतं.

म्हणून स्पष्ट सांगतो. मरणाच्या भीतीने सेवा धरू नका. ज्या माणसाची सेवा करताय त्याला ती भीती कळते. आपण याच्या वहीतला एक आकडा आहोत हे त्याला पहिल्या दिवशीच समजतं. बायबलमधलं स्तोत्र ९० दफनाला वाचतात, 'आमचे दिवस गणायला शिकव'. दादा म्हणायचे, गण म्हटलंय, घाबर नाही म्हटलं. नोकरी ठेवा. तुमच्या मंडळीत एकटं मरणारं कोण आहे ते शोधा आणि रविवारची उपासना झाल्यावर तिकडे जा. वर्षभर गेलात, तरी राजीनामा खिशात असेलच, तर मग द्या.

आता भावाबद्दल एवढं एकतर्फी लिहिलं, तर हेही लिहायला हवं की त्याने रात्र रात्र बसून दोन घरं दारूतून बाहेर काढलीत. तीही सेवाच, आणि ती माझ्याच्याने झाली नसती. आणि तुमच्या बायकोमुलांचं काय, कर्ज किती, डॉक्टर काय म्हणतात, यातलं तुम्ही काहीच लिहिलं नाही, त्यामुळे माझं उत्तर तुम्हाला कदाचित लागूही नसेल.

भाऊ आता ७४ चा आहे. मागच्या नाताळात जेवणं झाल्यावर माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "माझी पेटी तू करशील का?" म्हटलं, माप पाठव. अजून पाठवलेलं नाही. फळ्या मात्र मी आणून ठेवल्यात, यावेळी दोन इंच जास्त.