उरुमचीला येताय, तर इमामांना हे विचारू नका

चीनच्या शिनजियांग प्रांताची राजधानी उरुमची, तिथे नोकरी घेतली तर जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) नमाजाला जाता येईल का, आणि याच प्रांतातल्या काशगरच्या इमामांना का मारलं, असं तुम्ही विचारलंत. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. व्हिसाची माहिती वकिलातीत मिळेल, ती सोडतो.

३० जुलै २०१४. काशगरच्या ईदगाह मशिदीत फजर, म्हणजे पहाटेची नमाज, आटोपली आणि तिथले ७४ वर्षांचे इमाम जुमे ताहिर यांना भोसकून मारलं. दोनच दिवसांपूर्वी काशगर भागातलं यारकंद हिंसाचाराने पेटलं होतं. सरकारी आकडा ९६ मृत, इथल्या तुर्की वंशाच्या मुस्लिमांच्या, म्हणजे उइघुरांच्या, संघटनांना तो मान्य नाही. जुमे ताहिर यांच्या आधीच्या इमामांवरही १९९६ मध्ये हल्ला झाला होता, ते वाचले.

इथला इमाम मशिदीत नमाज पढणारे लोक ठरवत नाहीत. धर्मव्यवहार खातं आणि सरकारमान्य इस्लामी संघटना मंजुरी देतात. मग राजकीय अभ्यासवर्गाला बसायचं, खुतब्यात, म्हणजे जुम्म्याच्या प्रवचनात, सरकारी धोरण सांगायचं. २००९ च्या उइघुर आणि हान चिनी यांच्यातल्या उरुमची दंगलीनंतर जुमे ताहिर उघडपणे सरकारच्या बाजूने बोलले, तो राग साचलेला होता. उइघुरांवरचा अन्याय खराच आहे. तरी नमाज पढून निघालेल्या म्हाताऱ्यावर सुरा चालवणं मला कुठल्याच हक्काच्या लढ्यात बसत नाही. त्यांच्या नावाने फातिहा (मृतासाठीची प्रार्थना) पढताना माझं मन मात्र अजून अडखळतं. आणि सरकारी मान्यता तरी कुणाला वाचवते? २०१७ नंतर मान्यताप्राप्त इमामही कैदेत गेले.

आता कामाचं. पासपोर्ट कायम खिशात. भाड्याच्या घरात उतरलात तर २४ तासांत पोलीस ठाण्यात नोंद करा. घरमालक टाळाटाळ करतो आणि पुढे निवास परवाना तिथेच अडकतो, म्हणून करार करतानाच त्याच्याकडून कबूल करून घ्या. नमाज फक्त नोंदणीकृत मशिदीत. घरी चौघं जमून नमाज पढू नका. घड्याळ बीजिंगचं, स्थानिक लोक दोन तास मागे चालतात. वेळ कुणी सांगितली तर कुठली ते विचारा.

१८ वर्षांखालच्या मुलाला मशिदीत नेता येत नाही. बापाचं बोट धरून ईदला जायचं वय नियमाने काढून घेतलंय, हे मला सगळ्यात जास्त सलतं. एकटेपणाची सवय होते, याची नाही.

इमाम भेटले तर सलाम करा, तब्येत विचारा, निघा. खुतबा कोण लिहून देतं, हे विचारू नका. तुम्हाला कदाचित परत पाठवतील. उत्तर देणाऱ्याला मात्र तिथेच राहायचं असतं.